गाडीच्या चाकावरचा पत्रा सडू नये म्हणून काय करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आधी एक करून बघा. गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकापाशी उकिडवे बसा आणि चाकावर जी पत्र्याची कमान असते तिच्या कडेच्या आतल्या बाजूने बोट घाला. तिथे पत्रा आत वळवलेला असतो, बोटाच्या पेराएवढी रुंद पट्टी. तिच्यावरून बोट फिरवत पुढून मागे या. आठ दिवसांत पाऊस नाही आणि तरी बोटाला ओलसर माती लागतेय, तर तुमच्या गाडीचा पत्रा तिथे आतून सडायला सुरुवात झालेली असू शकते, बाहेरून रंग कितीही चकचकीत दिसू दे.

मी चिपळूणचा. गाडी २०१० सालची छोटी हॅचबॅक, घेतल्यापासून माझ्याकडेच आहे, रोज कामाला आणि महिन्यातून दोनतीनदा गुहागरला सासरी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा, वर आपली ही जांभ्याची लाल माती जी एकदा चिकटली की खरवडल्याशिवाय निघत नाही. पुण्यातल्या माझ्या मावसभावाची त्याच वर्षीची गाडी अजून ठणठणीत आहे आणि माझ्या गाडीचा मागचा डावा पत्रा २०१९ मध्ये कापून नवा जोडावा लागला. त्यानंतर बाकीच्या तीन चाकांवर मी स्वतः काम केलं, दरवर्षी करतो, ते तीनही पत्रे आज चांगले आहेत. मी मेकॅनिक नाही, गाडीचा पत्रा ठोकून-जोडून देणारा डेंटरही नाही, पण हे काम घरच्या अंगणात कुणालाही जमतं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गंज तिथेच का लागतो

मागच्या चाकावर दोन पत्रे असतात. एक बाहेरचा, जो आपल्याला दिसतो, रंगवलेला, आणि एक आतला, ज्याच्या पोटात चाक फिरतं. हे दोन्ही पत्रे कमानीच्या कडेला एकत्र येतात, एकमेकांवर दाबून स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्याने वेल्ड करून, जोडलेले असतात आणि फटीवर कंपनी सीलंट, म्हणजे फट बुजवायची रबरासारखी लुकण, भरते. चाक फिरताना खडी उडते, ती दहा-बारा वर्षं रोज त्या सीलंटवर आपटते, कुठेतरी बारीक टवका उडतो आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं. फट बारीक असल्यामुळे ते पाणी वर ओढलं जातं आणि लवकर सुकत नाही.

त्यावर मातीचा थर बसला की काम अजून बिघडतं. माती म्हणजे ओलं फडकंच, बाहेर ऊन असलं तरी आत पत्र्याला दमट ठेवणारं. आणि मीठ. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, मिठात तांदळाचे दाणे घालून ठेवतात आपल्या बायका, अगदी तेच इथे होतं. समुद्राचं मीठ हवेतला दमटपणा स्वतःकडे ओढतं, त्यामुळे खारी माती बसलेला पत्रा कोकणात जवळजवळ कधीच कोरडा होत नाही. वर मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते आणि गंज चढणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे, म्हणून वेग वाढतो.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा लागते. म्हणून रंगाला फोड येतो. तो फोड दिसला म्हणजे गंज बाहेरून लागला असं नवीन माणसाला वाटतं, पण बहुतेक वेळा तो आतून बाहेर आलेला असतो, मागे पत्रा पातळ झालेला असतो. फोडावर नुसता टचअपचा रंग लावून काहीही होत नाही.

पुढच्या चाकाचं थोडं वेगळं. पुढचा मडगार्ड बोल्टवर बसवलेला असतो, फारच सडला तर खोलून दुसरा लावता येतो. मागचा पत्रा मात्र बॉडीचाच भाग, कापाकापी आणि वेल्डिंगशिवाय बदलत नाही. वेळ कमी असेल तर मागच्या दोन चाकांपासून सुरुवात करा.

माझ्या गाडीचं काय झालं

गाडी नवी असतानाच मी पैसे भरून अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं. काळा, रबरासारखा जाड थर, बघून बरं वाटायचं. चारेक वर्षांनी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्याच्यावर अजून एक हात मारून घेतला, तेही ऐन जुलैत, सकाळी गाडी दिली आणि दुपारी घेतली. २०१९ मध्ये मागे डाव्या बाजूला दोन फोड दिसले म्हणून ओळखीच्या डेंटर चाचांकडे गेलो. त्यांनी चाक काढलं, कमानीच्या आत स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं आणि नुसतं उचकटलं, तर तळहाताएवढा काळा थर एका तुकड्यात निघून आला, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसा. त्यांनी तो माझ्या हातात दिला. थराची बाहेरची बाजू अजून चांगली काळी होती, आतल्या बाजूला मातीचा थर जसाच्या तसा छापलेला, त्या मातीत सुरूचं एक बारीक पान आणि सगळ्याला चहाच्या रंगाचा ओला गंज. म्हणजे दुसरा हात मातीवरच मारला होता. पाणी एकदा आत गेलं ते बाहेर यायला वाटच नव्हती, चार-पाच वर्षं ते तिथेच राहिलं. पत्र्यात चाचांचं बोट आरपार गेलं.

"कोटिंग नसतं ना दादा, तर पत्रा अजून चार वर्षं गेला असता," चाचा म्हणाले. "निदान सुकला तरी असता."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय आणि या सगळ्या कामात लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे. मातीवर, ओलाव्यावर, सैल गंजावर मारलेलं कोटिंग हे कोटिंग नसण्यापेक्षा वाईट. म्हणून खाली साफसफाई आणि सुकवण्यावर मी जास्त लिहिलंय आणि रंगावर कमी.

कधी करायचं

बरेच लोक मे महिन्यात करतात, पाऊस जवळ आला की आठवण होते. मेमध्ये केलं तरी चालतं पण कोकणात मेमध्ये हवा घामट असते आणि मृगाच्या आधी काम संपवायची घाई होते. माझ्या मते उत्तम काळ दिवाळीनंतरचा, डिसेंबर-जानेवारी. हवा कोरडी, ऊन चांगलं. फक्त सकाळी दंव पडतं, पत्र्यावर हात लावला तर ओल लागते, म्हणून रंगाचं काम दहा वाजल्यानंतर सुरू करायचं आणि चारच्या आत आटपायचं. एका चाकाला धुणं-सुकणं धरून तीन दिवस धरा. शनिवार-रविवारी थोडं थोडं केलं तर महिन्याभरात चारही चाकं होतात.

सामान

जॅक, गाडी टेकवायला दोन जॅक स्टँड, चाकपाना, तारेचा ब्रश, जुने टूथब्रश, नारळाच्या काथ्याचा ब्रश, ८०, १२० आणि ४०० नंबरचा काचपेपर, थिनर, सुती फडकी, मास्किंग टेप, जुने पेपर, हातमोजे आणि डोळ्यावर लावायचा चष्मा. चष्मा टाळू नका, गाडीखाली वर तोंड करून खरवडताना गंजाचा कण थेट डोळ्यात येतो. पेंटच्या दुकानातून रस्ट कन्व्हर्टर, दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, गाडीच्या बॉडीचा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, तुमच्या गाडीच्या शेडचा रंग, अंडरबॉडी कोटिंगचा स्प्रे किंवा डबा आणि पोकळीत मारायच्या वॅक्सचा स्प्रे, ज्याला लांब बारीक नळी येते. आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून कमानीच्या आत जे प्लास्टिकचं लायनिंग असतं त्याच्या दहा-बारा क्लिपा आधीच आणून ठेवा, जुन्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, काढताना निम्म्या तुटतातच.

बाथरूमचं सिलिकॉन सीलंट म्हणून वापरू नका. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं, लोखंड त्यानेच गंजतं, आणि त्यावर रंग धरत नाही ते वेगळंच.

गाडी उचलणं

सपाट, पक्क्या जागी गाडी लावा, चिऱ्याची लादी किंवा कोबा असेल तर उत्तम, शेणाच्या अंगणात किंवा मातीत जॅक रुततो. हँडब्रेक, गिअर, आणि जे चाक उचलणार त्याच्या तिरकस समोरच्या चाकाला पुढे-मागे दगड. मागचं चाक उचलत असाल तर हँडब्रेक असला तरी दगड लावलाच पाहिजे, कारण बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांनाच असतो आणि त्यातलं एक तुम्ही हवेत उचलताय. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा मग उचला.

जुनी गाडी असेल तर जॅक लावायच्या आधी रनिंग बोर्डची, म्हणजे दरवाज्यांखालच्या लांब पत्र्याची, खालची कड नीट दाबून बघा. तीच सडलेली असेल तर जॅक पत्र्यात घुसतो आणि गाडी घसरते. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कमानीत डोकं घालायचं नाही, स्टँडवर टेकवूनच. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

माती काढणं

पुढच्या चाकाला आत काळं प्लास्टिकचं लायनिंग असतं, मागे काही गाड्यांना असतं काहींना नसतं, काहींना जाड कापडासारखं असतं. असेल तर ते काढायचंच. पुढच्या लायनिंगच्या मागे, दरवाज्याच्या बिजागरीच्या खाली एक कोपरा आहे, तिथे माझ्या गाडीतून पहिल्यांदा अर्धी पाटी माती निघाली, त्यात आंब्याचा मोहोर, पानं, एक सडकी सुपारी. ज्याने कधी हे लायनिंग काढलं नाही त्याच्या गाडीत तिथे मातीचं ढेकूळ असणारच, आणि पुढचा मडगार्ड नेमका त्याच कोपऱ्यात खालून फुटतो.

आधी नळीने साधं पाणी भरपूर मारून माती भिजू द्या, दहा मिनिटं थांबा, मग लाकडी काडी किंवा बांबूची कामटी घेऊन वळवलेल्या पट्टीच्या आतून माती ओढून काढा. स्क्रू ड्रायव्हर नको, त्याने चांगला रंगही खरवडला जातो. मग काथ्याचा ब्रश, मग फटीत टूथब्रश, मग परत पाणी. खाली पडणारं पाणी लाल येतंय तोवर थांबायचं नाही. मला एका चाकाला पाऊण तास लागतो.

वॉशिंग सेंटरचं प्रेशर चांगलं पण नोझल फटीपासून हातभर लांब धरायला सांगा, जवळून मारलं तर सीलंटखालीच पाणी घुसवतं. आणि धुऊन झाल्यावर "साहेब खालून ऑइल मारू का" असं विचारतात, डिझेल आणि जळकं ऑइल मिसळून फवारतात, त्याला नको म्हणा. त्याने सस्पेन्शनचे रबर बुश फुगून खराब होतात, ब्रेकवर उडालं तर धोका, सगळं गळून जमिनीत मुरतं आणि त्यावर पुन्हा धूळ बसून नवा थर तयार होतो. नंतर प्रायमर लावायला गेलात तर तोही धरत नाही.

रनिंग बोर्डच्या खाली आणि कमानीच्या मागच्या टोकाला बारीक भोकं असतात, पाणी निथळायची. ती मातीने बुजलेली असतात. तार घालून मोकळी करा. एका गाडीत मी भोक मोकळं केल्यावर वाटीभर पाणी आलेलं बघितलंय, पाऊस जाऊन महिना झाला होता.

सुकवणं

दोन दिवस कडक ऊन. घाई असेल तर हेअर ड्रायर फटीवर अर्धा तास, पण जवळून नाही. सुकलं की नाही ते कसं ओळखायचं तर रात्री फटीवर टिश्यू पेपरची पट्टी दाबून ठेवा, सकाळी गाडी झाकलेल्या जागी असूनही कागद ओला झाला तर आत पाणी आहे. चाक लावून गाडी वीस-पंचवीस किलोमीटर कोरड्या रस्त्यावर फिरवून आणली तरी बरंचसं पाणी झटकलं जातं, मी तसंच करतो.

गंज कितपत आहे ते बघणं

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कमानीवर हळू हळू ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. मातकट, बसका आवाज आला की तिथे काहीतरी आहे, एकतर लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली आहे किंवा पत्रा पातळ झालाय. मग तिथे आतून अंगठ्याने जोर लावून दाबा.

तांबूस धूळ आहे, खरवडली की खाली घट्ट पत्रा लागतो, तर तुमचं नशीब चांगलं, सगळं घरी होईल. फोड आहेत, खरवडल्यावर खड्डे खड्डे दिसतात पण दाबल्यावर पत्रा हलत नाही, तरी घरी होईल, फक्त वेळ लागेल. पण अंगठ्याखाली पत्रा चुरमुऱ्यासारखा कुरकुरला किंवा आरपार भोक पडलं, तर थांबा, ते डेंटरचं काम. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. तिथे कुणी फायबरची जाळी आणि लांबी भरून देतो म्हणाला तर करू नका, लांबी पाणी शोषते, मागे गंज चालूच राहतो, दोन पावसाळ्यांत तो गोळा निखळून पडतो. पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी तपासणीला न्यावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी, तेव्हा असली सजावट कामाला येत नाही.

गंज काढणं

सैल आहे ते सगळं काढायचं, चांगल्या रंगाच्या आत बोटभर जाईपर्यंत. तारेचा ब्रश, मग ८० नंबर, मग १२०. ग्राइंडरला तारेची वाटी लावली तर काम लवकर होतं, पण ज्या बाजूला पेट्रोलचं झाकण आहे त्या बाजूच्या मागच्या कमानीतून टाकीची नळी जाते, तिथे ग्राइंडरची ठिणगी नको, हातानेच घासा. ब्रेकचा पाइप आणि चाकाजवळची सेन्सरची वायर कुठून जाते ते आधी बघून ठेवा, त्यांना आणि डिस्कला पेपर गुंडाळून टेप मारा.

आता कन्व्हर्टर. खड्ड्यांतला अगदी तळाचा गंज कितीही घासला तरी निघत नाही, त्याच्यासाठी हे. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, लावल्यावर तांबडा गंज काळा होतो. केळफूल चिरताना विळी काळी पडते, पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून काळी शाई करायचे, त्यातलाच प्रकार, टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं आणि ते गंजापेक्षा स्थिर असतं. ब्रशने पातळ लावा, फक्त खड्ड्यांत, जिथे पत्रा पांढरा स्वच्छ निघालाय तिथे नको. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण पाळा, साधारण एक दिवस मी सोडतोच. चिकट किंवा पांढरट काही वर राहिलं असेल तर ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून किंवा धुऊन परत सुकवायचं, त्या ॲसिडवर एपॉक्सी नीट बसत नाही. नवीन लोक कन्व्हर्टर जाड गंजाच्या पापुद्र्यावर लावतात आणि काळं झालं म्हणजे झालं असं समजतात. वरचा थर काळा होतो, खालचा तांबडाच राहतो.

प्रायमर, सीलंट, रंग

४०० चा हलका हात, थिनरच्या फडक्याने पुसणं, आणि लगेच प्रायमर. लगेच म्हणजे त्याच दिवशी, उघडा पत्रा कोकणात रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पिवळसर छटा आलेली असते.

गेटला लावतो तो रेड ऑक्साइड इथे चालेल का, असं मला दोघांनी विचारलं. चालत नाही असं नाही, पण तो एकटा पाणी थांबवत नाही, वर चांगला रंग नसेल तर त्यातून दमटपणा आत जातो. एपॉक्सी महाग पडतो पण तो पाण्याला बराच घट्ट अडवतो आणि एका चाकाला लागतो किती, छोटा कप. दोन भाग डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने नाही, हार्डनर कमी पडला तर तो महिनाभर चिकट राहतो. मोकळ्या हवेत लावा, तोंडाला चांगला मास्क. पातळ दोन हात, ब्रशने लावलं तरी हरकत नाही, आत कोण बघतंय, उलट ब्रशने खड्ड्यात नीट शिरतो.

एपॉक्सी सुकला की दोन पत्र्यांच्या फटीवर सीलंटची सलग रेघ, ओल्या बोटाने दाबून सारखी करा. हवा अडकू देऊ नका. पाणी निथळायची भोकं त्यात बुजवू नका, त्यांच्यात आगपेटीची काडी खोचून ठेवा आणि काम झालं की काढून घ्या. मग रंगाचे दोन हात. रंग आतून दिसत नसला तरी मारायचा, एपॉक्सीला ऊन सोसत नाही आणि कमानीच्या कडेला ऊन येतंच.

कोटिंग आणि पोकळी

आता ते काळं कोटिंग, सगळ्यात शेवटी. त्याचं काम गंज थांबवणं नाही, खडीचा मार सोसणं आहे. मुंबई-गोवा हायवेला ज्याने गाडी चालवलीय त्याला खडीचा आवाज माहिती आहे. रबरासारखं, लवचिक राहणारं घ्या, डांबरासारखं कडक होणारं नको, ते दोन वर्षांत तडकतं आणि तड्यांतून पाणी आत जातं. एक जाड हात मारण्यापेक्षा दोन पातळ, मध्ये पूर्ण सुकू द्या. चाकाचं हब, डिस्क, शॉकॲब्सॉर्बरचा रॉड, सायलेन्सर, भोकं यांच्यावर अजिबात जाऊ देऊ नका.

आतली पोकळी मात्र कोटिंगने होत नाही. डिकीच्या बाजूचं कापड किंवा प्लास्टिक थोडं उचललं की मागच्या कमानीचा आतला भाग दिसतो, रबरी बूच असतात, ते काढून वॅक्सची लांब नळी आत घाला आणि फवारत फवारत हळू बाहेर ओढा. वॅक्स पातळ असतं, दोन पत्र्यांच्या फटीत आतून झिरपतं, म्हणजे बाहेरून सीलंट आणि आतून वॅक्स असा बंदोबस्त होतो. खालच्या भोकातून दोन-चार थेंब गळायला लागले की पोचलं असं समजा. दुसऱ्या दिवशी तीच भोकं परत तारेने मोकळी करा. हे काम मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो आणि गॅरेजमध्ये हेच कुणी करत नाही, कारण दिसत नाही. कुलुपं-बिजागऱ्यांवर मारतो तो डब्ल्यूडी-४० याच्याऐवजी चालत नाही, तो पाणी हटवतो पण फार काळ टिकत नाही.

गाडी चालताना मागे पाणी उडू नये म्हणून मडफ्लॅप जरूर लावा, रनिंग बोर्ड वाचतो, फक्त त्यांचे स्क्रू पत्र्यात जातात त्या भोकाला आधी प्रायमर आणि मग थोडं ग्रीस. कमानीवर चिकटवायच्या त्या चकचकीत किंवा रबरी पट्ट्या मात्र लावू नका. पट्टीमागे माती साचते, आणि स्क्रूवाली पट्टी असेल तर चांगल्या पत्र्याला आठ भोकं पडतात.

नंतर वर्षभर

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून कमानी आतून नळीने धुवायच्या, साबण नको, नुसतं गोडं पाणी. मुरुडच्या किंवा गुहागरच्या वाळूत गाडी घातली असेल, लाटेचं पाणी लागलं असेल, तर घरी आल्यावर नाही, वाटेतच पहिल्या वॉशिंग सेंटरला. मुळात वाळूत गाडी घालूच नये. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीत चढता-उतरता ओहोटीला रॅम्पवर खारं पाणी असतं, तेही चाकांना लागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

गाडी गवतावर किंवा मातीत उभी ठेवू नका, खालून रात्रभर ओल येते. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका. वरून पत्रे आणि चारी बाजूंनी वारा, एवढी शेड असली तरी पुरते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की लायनिंग काढून पूर्ण तपासणी, मेमध्ये कोटिंगला कुठे टवके उडालेत ते बघून तेवढ्याच जागी परत काम. वॅक्स मी दर दोन वर्षांनी मारतो.

परदेशात जिथे बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, टोरोंटोला असलेल्या माझ्या मित्राची गाडी आपल्या गाड्यांपेक्षा लवकर सडते. तो दरवर्षी थंडीच्या आधी तेलासारखा स्प्रे पोकळीतून मारून घेतो. तत्त्व तेच, फक्त त्याचा पावसाळा डिसेंबरात.

गॅरेजला देणार असाल तर

स्वतः करायला जमत नसेल तर द्या, पण एवढं विचारा: चाकं आणि लायनिंग काढणार का, धुतल्यावर किती वेळ सुकवणार, जुनं सैल कोटिंग खरवडणार का, आणि मारायच्या आधीचे फोटो पाठवणार का. सकाळी द्या दुपारी न्या म्हणाले तर दुसरीकडे जा. गाडी एक रात्र तरी तिथे राहिलीच पाहिजे. कोटिंगला टेफ्लॉन वगैरे काय नाव देतात त्याने फरक पडत नाही.

आणि जुनी गाडी विकत घेत असाल, विशेषतः आमच्या भागातली, तर हे बघाच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात होत्या. वरून धुऊन, सीटकव्हर बदलून गाड्या विकल्या जातात पण पोकळीत बसलेला गाळ कुणी काढत नाही. डिकीचं कापड उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि मागच्या कमानीच्या वरच्या बाजूला टॉर्च मारा. तिथे बारीक, गुळगुळीत, राखाडी-तपकिरी गाळाची सरळ रेघ दिसली तर ती पाण्याची पातळी. रस्त्यावरची माती तिथे वर पोचत नाही.

चाकं परत लावताना नट हाताने बसवून, गाडी खाली घेऊन, मग समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा. आणि पन्नास किलोमीटर झाल्यावर एकदा चाकपाना लावून परत बघा.